माथे बाहेर

धाकटीच्या हाताला पाणी कळत नाही, हे त्या घरात इतक्या वेळा बोलून झालं होतं की आता ते कुणी बोलतही नसे. सूर्य उगवतो हे काय रोज उठून सांगायचं?

घर वरच्या मजल्यावर आणि खाली कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, एरवी ती एक लांबट खोली होती. रंगाचा आणि वायरी जोडायच्या तापलेल्या कस्तराचा वास कायम कोंडलेला, आणि भिंतीला टेकून रिमोटवर चालणाऱ्या बोटींची अर्धवट अंगं उभी. अप्पांनी हा कारखाना आयुष्यभर चालवला. मोठा मुलगा, दादा, मोटारी आणि वायरिंग बघायचा. धाकटी मुलगी बोटीचं अंग घडवायची, पट्ट्या चिकटवायची, पॉलिश पेपरने घासून घासून ते आरशासारखं करायची आणि मग रंगवायची. तिने रंगवलेल्या बोटीकडे लोक वळून वळून बघायचे. पण बोट पाण्यात सोडून सगळ्यांसमोर चालवायची वेळ आली की रिमोट दादाच्या हातात. तिच्या हाताला पाणी कळत नव्हतं ना!

गेल्या काही वर्षांत अप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. आत, पडद्यामागे काहीतरी बिघडलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. अप्पांना रंग दिसत, माणसं दिसत नसत. त्यामुळे कारखाना कुणाच्या हाती सोपवायचा हे आता ठरवणं भाग होतं, आणि ते ठरायचं होतं खणात.

हा खण म्हणजे बागेतल्या तळ्याच्या काठाशी लाकडी फळ्यांनी आखलेला चौकोन. तीन बाजू बंद, एक उघडी. बोटीने नाक पुढे करून आत शिरायचं, आतल्या आत जागच्या जागी वळायचं आणि नाक पुढे करूनच बाहेर यायचं. फळीला घासली की खेळ खलास. अप्पांच्या उस्तादांनी अप्पांच्या हातात कारखान्याची किल्ली ठेवली ती त्यांनी खणातून बोट अशी काढली म्हणून. तेव्हा अप्पांच्या लेकरांनाही तोच नियम. येत्या रविवारी दादाने आपली निळी बोट काढायची, धाकटीने आपली तांबडी. दोन्ही बोटींना दोन-दोन मोटारी, मागे पाण्यात फिरणारे दोन-दोन पंखे, आकार एक, वजन एक.

निकाल काय लागणार हे तळ्यावरची बदकंसुद्धा सांगू शकली असती. निळी खणात शिरायची, एक पंखा पुढे आणि एक मागे फिरवला की फिरत्या खुर्चीसारखी वळायची आणि डौलात बाहेर यायची. तांबडी आत शिरायची ती झकास, पण वळताना अडायची. नाक जरासं हलायचं, शेपूट भलतीकडेच सरकायचं आणि ठक! तीन हंगाम हेच चाललं होतं. धाकटी पहाटे तळ्यावर जाऊन सराव करायची. तिच्या अंगठ्यांना घट्टे पडले, तरी ठक ते ठकच. एकदा ती म्हणालीसुद्धा की बोटीतच काहीतरी आहे. त्यावर अप्पा हसले होते. "नाचता येईना अंगण वाकडं!" दादाने त्यात आपलीही भर घातली होती. "अगं, हात असला की कुठलीही बोट वळते."

तळ्यावर वेळेची नोंद ठेवणारे घड्याळवाले काका तेवढे दयाळू. ते म्हणायचे, "मनाला लावून घेऊ नकोस, रंगकामात तुझा हात धरणारा कुणी नाही." अशी दया कुणी करू नये. शिवी परवडली.

गेल्या वर्षी तिने आपली स्कूटर वहिनीला देऊन टाकली. कारण विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. वळण आलं की हात आखडायचे, एवढंच. या हातांना वळवणं जमत नाही, हे ते हातही एव्हाना मान्य करून बसले होते.

*

रविवारच्या दोन दिवस आधी धाकटी वर घरातल्या मागच्या मोरीत बसली होती. तांबडीला रंगाचा नवा हात दिला होता, कुठे पाणी झिरपतंय का ते बघायचं होतं. तिने मोठा टब भरला, बोट पाण्यात सोडली, एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने मोटारी अगदी सावकाश सुरू केल्या. पंख्यांच्या दांड्या जिथून बाहेर येतात ते सांधे बघायला ती बोटीच्या मागून वाकली.

वर येणारी पाती आत वळत होती.

तिने डोळे चोळले. पुन्हा बघितलं. डाव्या पंख्याचं वरचं पातं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे, दोघं एकमेकांकडे तोंड करून फिरत होते. आणि अप्पांचा तर पहिला धडाच "माथे बाहेर". मागून बघितलं की दोन्ही पंख्यांची वरची पाती बाहेरच्या अंगाला गेली पाहिजेत. तसं असलं की एक पुढे, एक मागे केल्यावर दोघं मिळून शेपूट एकाच बाजूला रेटतात आणि बोट जागच्या जागी वळते. माथे आत असले की बोट सरळ उत्तम धावते, पण वळायला सांगितलं की पंखे शेपटाला नको त्या बाजूला ओढतात. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण पंखे बसवणं दादाचं काम, आणि त्या घरात एकाच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही अशी शिस्त होती.

तिने ओल्या हाताने निळी आणली आणि टबात सोडली. निळीचे माथे बाहेर.

मग तिने तांबडी उचलून मोरीबाहेरच्या लाकडी घोडीवर ठेवली. कारखान्यात प्रत्येक बोट घोडीवर ठेवायची ती पालथी, पोट वर करून, कारण दांड्या खालून बसवायला तेच सोयीचं. तिने मोटारी सुरू केल्या. माथे बाहेर! बोट सुलटी केली. माथे आत. पालथी केली. पुन्हा बाहेर. पंखे तेच, मोटारी त्याच. नुसती बोट पालथी असली की डावं उजवीकडे जातं, वरचं खाली येतं, आणि चूक असलेलं बरोबर दिसायला लागतं.

निळीचे पंखे अप्पांनी स्वतः बसवले होते. डोळे होते तेव्हा ते प्रत्येक बोट पाण्यात सोडूनच तपासायचे. तांबडीच्या वेळी डोळे गेले होते. दादाने ती पालथी असतानाच बघितली, माथे बाहेर दिसले, खूश होऊन पाने खाली ठेवले. नंतर दोन मोटारींची बोट कुणी मागितलीच नाही. एक मोटार असली की आत काय नि बाहेर काय.

धाकटी मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि आधी हसली. तीन हंगाम! मग तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. हसू कधी गेलं ते तिलाच कळलं नाही.

*

दादा खाली वायरीला कस्तर लावत होता.

"दादा, तांबडीचे पंखे उलटे आहेत."

दादाने मान वर केली नाही. माणसाला खरोखर नवं काही कळलं तर तो मान वर करतो. ती तिथेच काय ते समजली.

"घोडीवर बघ. माथे बाहेरच आहेत," तो म्हणाला.

"घोडीवर बोट पालथी असते."

दादाने तापलेली सळई पुढच्या वायरीला लावली.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"अगं, सरळ कशी सुसाट जाते बघ. उलट निळीपेक्षा..."

"कधी कळलं, विचारतेय मी."

"मागच्या हिवाळ्यात," दादा म्हणाला. "साफ करायला घेतली होती तेव्हा."

"आणि सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होतो? अप्पा म्हणाले असते, याला साधं माथे बाहेर कळत नाही, हा काय कारखाना चालवणार. तू त्यांचं तोंड ओळखत नाहीस का?"

"म्हणून माझ्या हातांवर ढकललंस."

"मी कुठे ढकललं? ते सगळे आधीपासूनच म्हणत होते. मी फक्त..." त्याने कस्तराची सळई स्टँडवर ठेवली. "हे बघ, एवढा रविवार जाऊ दे. मग गुपचूप बदलून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या तासाचं काम! ती पहाटेच्या थंडीत तळ्यावर उभी राहायची तेव्हा हा गोधडीत पडून ते अर्ध्या तासाचं काम अंगाखाली दाबून ठेवत होता. तिला सळई उचलून त्याच्या त्या नीट विंचरलेल्या डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही. गरम होती, आणि कामाची होती.

ती वर आली आणि सरळ पाना हातात घेतला. पंखे एकमेकांच्या जागी लावायचे, दोन्ही मोटारींच्या वायरी उलट करायच्या, झालं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. वहिनीपासून त्या घरात काही लपत नसे. धाकटीने तिला सगळं सांगून टाकलं.

"मग बदल की," वहिनी म्हणाली. "पाना आहे ना हातात?"

"पंखे बदलले आणि बोट वळली, तर रविवारी काय म्हणतील?"

वहिनी आत आली. "म्हणतील, दादाने नीट करून दिली म्हणून वळली." मग कडवटपणे म्हणाली, "आणि पहिले हेच म्हणतील. मी ओळखून आहे यांना."

धाकटीने पाना जागेवर ठेवला.

*

रविवारी तळ्यावर नेहमीची मंडळी होती, शिवाय पाच-दहा बघे. वरच्या पायरीवर अप्पांसाठी खुर्ची मांडली होती. शेजारी वहिनी. अप्पांच्या मुठीत दोरीत ओवलेली कारखान्याची किल्ली. तिथून खण त्यांना नुसता एक चौकोनी डाग दिसत असणार, आणि त्यात येणारी-जाणारी निळी नाहीतर तांबडी.

खाली पाण्यापाशी बहीणभाऊ उभे होते. घड्याळवाले काका ओरडले, "आधी निळी, मग तांबडी! चला, उरका!"

दादाने निळी पाण्यात सोडली आणि रिमोट घ्यायला वळला. रिमोट धाकटीच्या हातात होता.

दुसऱ्याच्या रिमोटला हात लावायचा नाही, हा तळ्यावरचा पहिला नियम. दादा दात-ओठ खात पुटपुटला, "दे इकडे. सगळे बघताहेत."

"तू माझी चालव."

"वेड लागलंय का तुला?"

"हात असला की कुठलीही बोट वळते, हे तुझंच ना? वळवून दाखव. नाहीतर आत्ताच्या आत्ता वर जाते आणि अप्पांना सांगते, पालथं काय नि सुलटं काय."

दादाने एकदा वर बघितलं, एकदा तांबडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग तिच्या ओळखीचा तो माज आला. "कुठलीही बोट वळते," तो म्हणाला. "बघच तू." स्वतःचं खोटं माणूस इतके दिवस सांगत राहिला की एक दिवस त्यालाच ते खरं वाटायला लागतं.

घड्याळवाले काका काही बोलायला गेले. धाकटीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

तिने निळी खणात घातली. डावा अंगठा पुढे, उजवा मागे. तिला वाटलं होतं झगडावं लागेल. बोट नुसत्या इशाऱ्यावर वळली. नाक फिरलं, शेपूट त्याच्या मागोमाग गेलं, चारी बाजूंना बोटभर पाणी राखून ती गोल फिरली आणि बाहेर आली. फळीला तिची लाटसुद्धा धड लागली नाही.

इतकं सोपं होतं? इतकं सोपं? संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्यापासून दडवलं होतं ते एवढंसं होतं.

वरून अप्पांची टाळी ऐकू आली. "वा रे पठ्ठ्या! याला म्हणतात हात! हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं!"

बघे एकमेकांकडे बघायला लागले. वहिनी समोर पाण्याकडे बघत राहिली.

मग तांबडी. दादाने ती रुबाबात आत घेतली. डावा अंगठा पुढे, उजवा मागे. नाक जरासं हललं. शेपूट भलतीकडे सरकलं. त्याने जोर वाढवला. ठक! मागे घेऊन पुन्हा प्रयत्न केला. सुकाणू पार कोपऱ्यापर्यंत वळवलं, पण जागच्या जागी वळताना सुकाणू काय करणार? ठक! पंखे फेस काढत होते आणि बोट कोंडलेल्या जनावरासारखी फळ्यांना धडका देत होती. दादाच्या कपाळावर घाम आला. त्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते धाकटीने तीन हंगाम आरशात बघितलं होतं. तिला वाटलं होतं, हे बघून काळीज थंड होईल. कसलं थंड! उलट आणखी पेटलं.

"घ्या!" अप्पा वरून म्हणाले. आवाजात राग नव्हता, दया होती. "मी म्हणतच होतो. हिच्या हाताला पाणी कळतच नाही. जाऊ दे गं पोरी, रंग दे तू, रंगात तुझा हात चांगला आहे. फक्त अंगण वाकडं होतं असं नको म्हणूस. काढा रे ती बोट बाहेर, फळ्या तुटतील." त्यांनी किल्ली पुढे केली. "दादा, वर ये. घे ही."

तळ्यावर फक्त तांबडीच्या मोटारींचा आवाज चालू होता. मग दादाने तोही बंद केला.

धाकटी पायऱ्या चढून वर आली.

"अप्पा, निळी मी चालवली."

"काय?"

"आत्ता वळली ती निळी. रिमोट माझ्या हातात होता. आपटत होती ती तांबडी, तिचा रिमोट दादाकडे होता."

अप्पांनी मान वहिनीकडे वळवली. "काय म्हणतेय ही?"

"खरं सांगतेय," वहिनी म्हणाली. "मी बघितलंय. सगळ्यांनी बघितलंय."

अप्पांचा किल्लीचा हात तसाच पुढे राहिला. कपाळाला आठ्या घालून ते विचार करत होते, आणि धाकटी वाट बघत होती. तीन हंगामांचं एक वाक्य त्यांना परत घ्यायचं होतं. एवढंच तर तिला हवं होतं.

"मग तांबडीतच काहीतरी खोट असणार," अप्पा म्हणाले. "दादाच्या हातून अशी आपटायची नाही ती."

एवढ्या वेळ दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"अस्सं! आज खोट बोटीत सापडली! तीच बोट, तेच पंखे, तोच खण! माझ्या हातात होती तेव्हा खोट माझ्या हाताची, आणि याच्या हातात गेल्याबरोबर बोटीची? मी सांगितलं नव्हतं, अप्पा? याच जागी उभं राहून सांगितलं नव्हतं? तेव्हा हसलात तुम्ही. माझ्या हातांवर तुम्ही सगळे मिळून हसलात! मी स्कूटर चालवायची सोडून दिली. ठाऊक आहे तुम्हाला? वळण आलं की मला वाटायचं, या हातांना काही जमायचं नाही. आणि याला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं!"

"काय ठाऊक होतं?" अप्पांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

दादा अर्ध्या पायऱ्यांवर येऊन थांबला होता. तांबडी त्याच्या हातात निथळत होती. "मी पंखे पालथ्या बोटीवर तपासले, अप्पा," तो म्हणाला. "माथे आत आहेत."

वयाने वाकलेला तो माणूस, ज्याने जन्मभर प्रत्येक बोट पाण्यात सोडून तपासली, खुर्चीत बसून राहिला. त्यांना चूक कशी झाली हे विचारावं लागलं नाही. ते आपल्या मांडीवर एक हात उपडा करून, मग उताणा करून बघत होते. दोनदा केलं तसं. मग त्यांनी किल्लीचा हात धाकटीच्या दिशेने फिरवला. दिशा जरा चुकली. किल्ली ती उभी नव्हती तिथे हवेत लोंबकळत राहिली.

क्षणभर तिला वाटलं, राहू दे तशीच. लोंबू दे. पण रुसून उपाशी झोपणाऱ्यांतली ती नव्हती. ती दोन पावलं सरकली, किल्ली होती तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने ती घेतली.

"उद्यापासून प्रत्येक बोट पाण्यात तपासायची," ती दादाला म्हणाली. "आधी तू. मग मी."

दादाने मान हलवली. नाक पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

अप्पांनी सुस्कारा टाकला. मोठं काम हातावेगळं झाल्यासारखे ते खुर्चीत मागे टेकले. "चला. मिळालं ना आता सगळं? मग सोड तो राग."

"नाही, अप्पा," ती म्हणाली. "राग आत्ता कुठे यायला लागलाय."

मग वहिनीपुढे तिने हात पसरला. "स्कूटरची किल्ली दे."